कुंपणाच्या आतले बंड

रात्रीचे दहा वाजून गेले होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात एस्कॉट नावाची एक जुनी जहागीर आहे. तिच्या उतरत्या माळावर हजारो माणसे उभी होती आणि समोरच्या मंचावर एक गृहस्थ व्हायोलिन असे वाजवीत होते की, वाद्य टिकते की वादक, असा प्रश्न पडावा. मागे ढोल, गिटार आणि शब्द नीट कळू नयेत इतका आवाज. माझ्या डाव्या हाताला साठीच्या घरातील एक बाई नातवाचे दोन्ही हात धरून नाचत होत्या. नातवाच्या कानांवर आवाजापासून बचाव करणारे मोठे डबे होते आणि तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने आजीच्या पावलांत पाऊल मिळवीत होता. समोर जटा वाढवलेला एक पन्नाशीचा मनुष्य डोळे मिटून गात होता. त्याला सगळी गाणी पाठ होती. खरे तर तेथे माझ्याखेरीज सगळ्यांनाच ती पाठ होती.

मी तेथे गेलो तो भाच्याच्या आग्रहाने. तो गेली काही वर्षे एक्झिटर शहरात नोकरी करतो. ‘‘मामा, तुम्ही आपल्या शाहिरांवर एवढे लिहिता, एकदा यांचे शाहीर तर पाहा,’’ असे म्हणून त्याने माझेही तिकीट काढले. ‘ब्यूटिफुल डेज’ या नावाचा हा उत्सव २००३ पासून ऑगस्टमध्ये भरतो. तो भरवतो ‘द लेव्हलर्स’ नावाचा एक बँड आणि रविवारी रात्री शेवटचा कार्यक्रमही या यजमानांचाच असतो. त्यांच्या संगीताला ‘फोक-पंक’ म्हणतात.

आत शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. काय ते नंतर लक्षात आले. कोठेही जाहिरात नव्हती. बँकेची कमान नाही, मोबाईल कंपनीचा फुगा नाही, ‘अमुक प्रस्तुत’ हे शब्द नाहीत. हा योगायोग नसून या उत्सवाचा पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे. प्रायोजक घ्यायचा नाही. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडपात गणपतीपेक्षा प्रायोजकाचे नाव मोठे झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यामुळे ही अनुपस्थिती डोळ्यांत भरते. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे माळाभोवतीचे कुंपण, फाटकावरची तपासणी आणि प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा. बंडाची गाणी ऐकायला रांगेत उभे राहून, पट्टा दाखवून आत जायचे. हा विरोधाभास हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गेल्या चाळीस वर्षांत ब्रिटनमध्ये मोकळ्या जागेचे, फिरस्त्या माणसांचे आणि गाण्याचे काय झाले, याची सगळी कहाणी त्या कुंपणात आहे.

‘फोक-पंक’ हा शब्द मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. १९७६-७७ च्या सुमारास, बेकारी आणि संपांच्या काळात, इंग्लंडमधील तरुणांनी पंक नावाचे संगीत उभे केले. गिटारवर तीन स्वरमेळ वाजवता आले की बँड काढावा, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये, हे त्याचे तत्त्वज्ञान. लोकसंगीताचे चाहते या धांगडधिंग्याकडे नाक मुरडून पाहत आणि पंकवाले लोकसंगीताला म्हातारे समजत. या दोघांची सोयरीक जमवली ती प्रामुख्याने ‘द पोग्ज’ या बँडने. १९८२ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात तो सुरू झाला. त्याचा गायक शेन मॅकगोवन हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, आयरिश आईबापांचा मुलगा. पत्र्याची बासरी, अकॉर्डियन आणि बँजो ही आजोबांच्या काळची वाद्ये घेऊन त्याने स्थलांतरित मजुरांच्या, दारुड्यांच्या आणि हरलेल्यांच्या कहाण्या पंकच्या वेगाने गायल्या. लोकगीत काचेच्या कपाटातून बाहेर आले आणि पुन्हा दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले. तेच त्याचे मूळ घर होते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मॅकगोवन वारला. टिपररी परगण्यातील नीना गावच्या चर्चमध्ये अंत्यविधीला आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष हजर होते आणि त्याचे गाणे सुरू होताच लोक चर्चमध्ये नाचले. कालचा वाह्यात पोरगा आज राष्ट्राचा ठेवा होतो, ही तर सगळ्या देशांची रीत आहे.

‘लेव्हलर्स’ १९८८ मध्ये ब्रायटन येथे एकत्र आले. त्यांनी घेतलेले नाव मात्र साडेतीनशे वर्षे जुने आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाचा पराभव झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर १६४७ मध्ये लंडनजवळच्या पटनी येथील चर्चमध्ये क्रॉमवेलच्या सैन्यात एक मोठा वादविवाद झाला. साध्या शिपायांच्या प्रतिनिधींचे म्हणणे होते की, ज्याने या देशासाठी रक्त सांडले त्याला मताचा अधिकार हवा, मग त्याच्याकडे जमीन असो वा नसो. क्रॉमवेल आणि त्याचा जावई आयर्टन यांचे म्हणणे होते की, ज्याची देशात मालमत्ता नाही त्याला देशाच्या कारभारात बोलण्याचा हक्क कसा देता येईल? कायद्यापुढे समानता, धर्माचे स्वातंत्र्य आणि व्यापक मताधिकार मागणाऱ्या या मंडळींना विरोधकांनी ‘लेव्हलर्स’ म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणू पाहणारे असे हिणवले. मे १६४९ मध्ये क्रॉमवेलने त्यांचे बंड मोडले आणि बर्फर्ड गावच्या चर्चच्या आवारात तीन शिपायांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सोबती सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल येथे पडीक सामाईक जमीन खणून तीत पेरणी करू लागले. जमीन सगळ्यांची, असे ते म्हणत. त्यांनाही हुसकावण्यात आले. तात्पर्य, ज्याला जमीन नाही त्याला आवाज असावा का, हा प्रश्न त्या देशात जुना आहे. एस्कॉटच्या माळावर नाचणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना पटनी ठाऊक असेल, हे सांगवत नाही. पण बँडच्या नावात तो प्रश्न दर रात्री मंचावर येतो.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९७४ पासून दर उन्हाळ्यात स्टोनहेंजच्या पुरातन शिळांपाशी एक मोफत उत्सव भरत असे. तिकीट नाही, कुंपण नाही, संयोजकही नाही म्हटले तरी चालेल. जुन्या बसगाड्यांत आणि ट्रकांत संसार मांडून फिरणारे तरुण तेथे जमत. त्यांना ‘न्यू एज ट्रॅव्हलर्स’ म्हणत. १९८४ चा उत्सव शेवटचा ठरला. १ जून १९८५ रोजी अशा गाड्यांचा तांडा स्टोनहेंजकडे निघाला असता विल्टशर परगण्यात सुमारे तेराशे पोलिसांनी तो अडवला. गाड्या शेजारच्या शेतात शिरल्या. पोलिसांनी काचा फोडल्या, माणसांना, बायकांना, काही ठिकाणी मुलांसमोर आईबापांना बडवले आणि पाचशेहून अधिक लोकांना अटक केली. ‘बीनफील्डची लढाई’ म्हणून ही घटना ओळखली जाते. लढाई हा शब्द उपरोधिक आहे, कारण एका बाजूला हत्यारच नव्हते. पुढे १९९१ मध्ये न्यायालयाने काही प्रवाशांना नुकसानभरपाई दिली. त्याच वर्षी लेव्हलर्सनी या घटनेवर गाणे रचले. आज ब्रिटनमधील बहुसंख्य लोकांना बीनफील्ड ठाऊक असेल तर ते न्यायालयाच्या निकालामुळे नव्हे, त्या गाण्यामुळे. पोवाड्याचे कामच ते आहे. दप्तरात जे दडपले जाते ते तो तोंडोतोंडी जिवंत ठेवतो.

यानंतर आला १९९४ चा फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा. यात उघड्यावर रात्री चालणाऱ्या जमावावर कारवाई करण्याचे अधिकार पोलिसांना दिले गेले आणि कोणते संगीत आक्षेपार्ह, हे सांगताना एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके असलेले संगीत, अशी व्याख्या संसदेने कायद्यात घातली. जगाच्या इतिहासात तालाची कायदेशीर व्याख्या करणारी विधिमंडळे फारशी नसतील! याची टिंगल पुष्कळ झाली. पण टिंगलीच्या आड या कायद्यातील गंभीर कलम झाकले गेले. १९६८ च्या कायद्याने जिप्सी आणि इतर फिरस्त्या लोकांसाठी तळाची जागा पुरवणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली होती, ती १९९४ च्या कायद्याने काढून टाकली. म्हणजे रस्त्यावर थांबाल तर हाकलू आणि थांबायला जागाही देणार नाही. २०२२ च्या पोलीस कायद्याने त्यावर कळस चढवला. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर गाडीत मुक्काम करण्याचा प्रकार विशिष्ट परिस्थितीत थेट गुन्हा ठरला आणि निदर्शनांच्या आवाजावरही बंधने घालण्याची तरतूद झाली. या कायद्यातील काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्वाळा लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला.

हे वाचताना मराठी वाचकाला काही आठवायला हवे. याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू केला. फिरतो तो संशयित, ही त्याची मूळ कल्पना. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरीला उभे केले गेले. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’चे तारेचे कुंपण आजही त्या वस्तीतील जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, पण लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचले की, तारा काढल्या तरी कुंपण कसे शिल्लक राहते ते कळते. इंग्लंडमधील बसगाडीतला तरुण आणि आपला पारधी यांना एका तागडीत तोलू नये. पहिल्याने फिरस्ती बहुधा निवडलेली असते, दुसऱ्यावर ती लादलेली असते. पण इंग्लंडमधील जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांनी काही निवडलेले नव्हते आणि तरुणांच्या नाचगाण्याच्या निमित्ताने केलेल्या कायद्याचा खरा फटका त्यांनाच बसला. शिवाय एक साम्य दोन्हीकडे आहे. गावोगाव गाणी, वाद्ये आणि खेळ पोचवणारी माणसे हीच. फिरस्त्याचा रस्ता बंद केला की लोकगीताचाही रस्ता बंद होतो. मग त्या गीताचे महोत्सव भरवावे लागतात.

आणि ज्या माळावर हा महोत्सव भरतो, त्याची हकिकत तर आपल्या आणखी जवळची आहे. एस्कॉटची ही जहागीर १७९४ मध्ये सर जॉन केनवे याने घेतली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा निजामाच्या दरबारातील रेसिडेंट. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूशी तहाची बोलणी झाली, तेव्हा कंपनीच्या वतीने बोलणारा हाच. टिपूला अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. त्या छावणीत मराठ्यांच्या वतीने हरिपंत फडके होते, कारण आपण तेव्हा कंपनीच्या बाजूने लढत होतो आणि टिपूच्या मुलखातला वाटाही आपण घेतला. उत्सवाला येणाऱ्यांपैकी कोणी या गोष्टीची चौकशी करीत असेल असे वाटत नाही. पण समतेची गाणी ऐकत मी ज्या गवतावर उभा होतो, त्या गवताचा मालक एके काळी श्रीरंगपट्टणच्या तंबूत आपल्याच माणसांच्या पंक्तीला बसला होता, हे आठवल्यावर मला ‘त्यांची साम्राज्यशाही’ असे म्हणून मोकळे होता येईना.

असो. प्रश्न उरतो तो कुंपणाचा. मोफत उत्सव बंद झाले, मोकळ्या जमिनीवर थांबणे गुन्हा झाले आणि त्याच पिढीच्या गाण्यांना परवानाधारक, तिकीट लावलेल्या, खासगी जमिनीवर जागा मिळाली. १९९४ साली, म्हणजे जो कायदा होऊ घातला होता त्याच उन्हाळ्यात, ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर शुक्रवारी रात्री शेवटचे गाणारे हेच लेव्हलर्स होते. मग हे बंड विकत घेतले गेले असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण हिशेबात आहे. गाणाऱ्याचे पोट भरणारे आजवर तीनच झाले. राजा, बाजार आणि ऐकणारा. राजाने पोसलेल्या गवयाला राजाची आणि बाजाराने पोसलेल्याला जाहिरातदाराची मर्जी राखावी लागते. ऐकणाऱ्याने खिशातून पैसे दिले तर गाणारा त्याचा मिंधा होतो, पण तो मिंधेपणा त्यातल्या त्यात सोसण्याजोगा आहे.

प्रायोजकाची किंमत काय असते हे २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये चांगलेच दिसले. गाझातील युद्धाच्या संदर्भात बार्कलेज बँकेच्या शस्त्रकंपन्यांशी असलेल्या व्यवहारांवर आक्षेप घेऊन अनेक कलावंतांनी कार्यक्रमांतून माघार घेतली आणि अखेर लॅटिट्यूड, डाउनलोड व आइल ऑफ वाइट या उत्सवांचे त्या वर्षीचे प्रायोजकत्व बँकेने स्थगित केले. त्याच वर्षी अनेक उत्सवांची मालकी असलेली सुपरस्ट्रक्ट ही कंपनी केकेआर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी त्यावरूनही बहिष्कार झाले. कलावंतांचा हा पवित्रा काहींना पटेल, काहींना ढोंगी वाटेल. पण प्रायोजकाचा पैसा तटस्थ असतो, ही समजूत मात्र आता कोणाला बाळगता येणार नाही. दुसरीकडे, स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या छोट्या उत्सवांची अवस्था बिकट आहे. २०२४ या एका वर्षात ब्रिटनमधील सत्तरहून अधिक उत्सव रद्द झाले, पुढे ढकलले गेले किंवा कायमचे बंद पडले. मंच, वीज, विमा, सुरक्षारक्षक सगळेच महागले. तेव्हा जाहिरातीवाचून वीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहणे ही भाबडेपणाची नव्हे, व्यवहारचातुर्याची गोष्ट आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिकीट स्वस्त नाही. ज्यांच्यावर ही गाणी आहेत, त्यांच्यातला बेघर मनुष्य या फाटकातून आत येऊ शकत नाही. माळावर गोऱ्या कातडीचा, स्थिरस्थावर झालेला मध्यमवर्ग अधिक होता.

पैशानंतर प्रश्न येतो बोलण्याचा. १९८८ मध्ये पोग्जनी बर्मिंगहॅमच्या बाँबस्फोटांत शिक्षा झालेल्या सहा आयरिश माणसांवर गाणे केले आणि ती निरपराध असल्याचे म्हटले. थॅचर सरकारच्या निर्बंधांचा आधार घेऊन ते गाणे प्रसारित करण्यास बंदी घालण्यात आली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्या सहाजणांची शिक्षा रद्द करून त्यांना सोडले. सोळा वर्षे तुरुंगात काढल्यावर! गाणे खरे निघाले, बंदी खोटी पडली. २०२५ मध्ये बेलफास्टच्या ‘नीकॅप’ या आयरिश भाषेत गाणाऱ्या त्रिकुटातील एकावर, एका कार्यक्रमात बंदी घातलेल्या संघटनेचा झेंडा दाखवल्यावरून दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो तांत्रिक कारणाने फेटाळला. त्याच वर्षी ग्लास्टनबरीत ‘बॉब व्हिलन’ या जोडीने इस्रायली सैन्याच्या मरणाची घोषणा दिली, बीबीसीवरून ती थेट प्रसारित झाली आणि एकच गदारोळ उडाला. अमेरिकेने त्यांचे व्हिसा रद्द केले.

ही प्रकरणे एकाच माळेत ओवण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तो टाळावा. बर्मिंगहॅमवरचे गाणे सहा माणसांना वाचवू पाहत होते आणि ग्लास्टनबरीची घोषणा मरण मागत होती. अन्यायाची कहाणी सांगणे आणि जमावाकडून कोणाचे मरण वदवून घेणे यांत फरक आहे. शाहिराला तो कळला पाहिजे, नाही तर तो शाहीर उरत नाही. पण सरकारलाही दुसरा फरक कळला पाहिजे. न आवडणारा शब्द आणि गुन्हा यांतला. १९८८ मध्ये तो कळला नव्हता आणि त्यानंतर कळला असे मानायला फारसा आधार दिसत नाही.

हा फरक केवळ तात्त्विक नाही, हे मला त्या रात्री शेजारीच पाहायला मिळाले. एका गाण्याच्या ध्रुवपदाला सगळ्या माळाने मुठी वर केल्या. भाच्याने मूठ अर्धी उचलली आणि खाली घेतली. पुढे कोणीतरी मोबाईलवर चित्रण करीत होते. मी त्याच्याकडे पाहिले. ‘‘मामा, माझा व्हिसाचा अर्ज आहे पुढच्या वर्षी,’’ तो ओशाळून म्हणाला. गाण्यात काहीही आक्षेपार्ह नव्हते. त्याला कोणी विचारणारही नव्हते. पण जो देशात पाहुणा आहे तो कायदा वाचून भीत नाही, हवा पाहून भितो. कुंपणाच्या आत दुसरे कुंपण असते आणि ते ज्याचे त्यालाच दिसते. मनगटावर पट्टा दोघांच्याही होता, त्याच्या आणि त्या जटाधारी गृहस्थांच्या. मूठ मात्र एकाचीच वर गेली. पटनीच्या चर्चमध्ये क्रॉमवेलच्या जावयाने विचारलेला प्रश्न, ज्याचे येथे काही नाही त्याने बोलावे का, हा असा पावणेचारशे वर्षांनी माझ्या भाच्याच्या अर्ध्या उचललेल्या मुठीत येऊन थांबला होता.

कार्यक्रम संपला. दिवे लागले, लोक आपापल्या तंबूंकडे निघाले. नातवाला कडेवर घेतलेल्या त्या बाई फाटकापाशी पुन्हा भेटल्या. मुलगा झोपला होता. बोलता बोलता कळले की, तरुणपणी त्या स्वतः अशाच एका बसगाडीत सहा वर्षे राहिल्या होत्या. पुढे थांबायला जागा मिळेना, मूल झाले, गाडी विकली. मी न राहवून विचारले, ‘‘ज्यांनी कुंपणे ओलांडण्यात तारुण्य घालवले, त्यांना पैसे देऊन कुंपणात येताना काही वाटत नाही?’’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘वाटते ना. पण तेव्हा कुंपण आम्हाला बाहेर ठेवण्यासाठी होते. इथे मी याला तीन दिवस मोकळे सोडू शकते, तेही कुंपणामुळेच.’’ आणि क्षणभराने, ‘‘तरी उद्या सकाळी फाटकाबाहेर पडल्यावर आमच्यासाठी काहीच बदललेले नसते.’’

या उत्तरात माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा अधिक शहाणपण आहे. तीन दिवसांचे, तिकीट काढून मिळवलेले स्वातंत्र्य खोटे नसते. त्यात एक मूल निर्भयपणे नाचायला शिकते. पण समाज किती मोकळा आहे याचे माप कुंपणाच्या आत काय गाता येते यावरून घ्यायचे नसते. ज्याच्या मनगटावर पट्टा नाही, तो कोठे थांबू शकतो आणि काय म्हणू शकतो, यावरून ते घ्यायचे असते. ते माप लंडनला लावताना सोलापूरलाही लावून पाहावे.

आम्ही गाडीकडे निघालो. अंधारात भाचा तेच ध्रुवपद गुणगुणत होता. आजूबाजूला कोणी नव्हते.